साळवेसाहेबांच्या गाडीतला तांबडा दिवा

१

साळवेसाहेबांच्या गाडीतला एअरबॅगचा तांबडा दिवा पुन्हा पेटला, आणि या खेपेला त्या दिव्यापायी एका माणसाची नोकरी गेली.

तो माणूस सकाळीच येऊन नियाजभाईच्या दुकानापुढच्या बाकावर बसला होता. आसाराम त्याचं नाव, साळवेसाहेबांचा ड्रायव्हर. नगरजवळच्या भिंगारच्या पेठेतलं नियाजचं दुकान म्हणजे एक शटर, एक बाक आणि वायरींचं जंजाळ. गाडीतलं जे काही पेटतं, वाजतं आणि विनाकारण बंद पडतं, ते सगळं इथे दुरुस्तीला येतं. नियाजची जीभ तिखट. गिऱ्हाइकाला चार शब्द सुनावल्याशिवाय त्याचा टेस्टर चालत नाही, असं पेठेत म्हणतात. पण आसारामचं तोंड पाहून त्यानं नेहमीची थट्टा गिळली.

"काय रे, गाडी कुठंय आज?"

"गाडी न्हाई. मी बी न्हाई आता तिथं," आसाराम म्हणाला. "प्रशांतभाऊंनी काल चावी काढून घेतली. म्हनले, उद्यापासून येऊ नगं."

प्रशांत म्हणजे साळवेसाहेबांचा मुलगा. एमआयडीसीत मोठ्या हुद्द्यावर, घरातला कारभार आता त्याच्याच हातात.

"पण केलंस काय तू?"

"मी त्यांच्या माघारी गाडी फिरवतो म्हनं. बायकूला शेजारी बसवून हिंडतो म्हनं." आसारामचा आवाज चिरकला. "आवो, चोर म्हनून हाकललं मला. आता भिंगारात दुसरं कोन चावी देईल माझ्या हातात?"

नियाज उसळला. "असं कसं? पुरावा काय आहे त्याच्याकडे?"

आसारामनं पहिल्यांदा मान वर केली. डोळ्यांत राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"पुरावा तुमीच दिला नव्हं, नियाजभाई."

२

खोटं नव्हतं ते.

साळवेसाहेबांची गाडी जुनी, पण तिच्या काळात ती वरच्या दर्जाची. पुढच्या दोन्ही सीटच्या कुशीतसुद्धा एकेक एअरबॅग बसवलेली. साहेब लष्कराच्या बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. निवृत्त झाल्यावर हौसेनं ही गाडी घेतली आणि लेकरासारखी सांभाळली. गेल्या काही महिन्यांत मात्र डॅशबोर्डवर तो तांबडा दिवा पेटायला लागला. एअरबॅगच्या दिव्याचा स्वभाव असा की एकदा पेटला की दोष गेला तरी तो पेटलेलाच राहतो. स्कॅनर लावून कुणी पुसेपर्यंत झालं-गेलं विसरत नाही.

नियाजनं पुसला. पुन्हा पेटला. परत पुसला, परत पेटला. स्कॅनरवर दोषाचा कोड दर वेळी एकच: ड्रायव्हरशेजारच्या, डाव्या सीटची एअरबॅग, जोड तुटतो. बॅटरीची तार काढून, थोडा वेळ थांबून, त्यानं सीटखालचा पिवळा कनेक्टर साफ केला. मग बदलला. मीटर लावला तर सगळं ठणठणीत. गाडी दुकानात असेपर्यंत दिवा शहाण्यासारखा विझलेला, आणि घरी गेली की काही दिवसांत पुन्हा डोळे वटारून हजर. "नियाजभाई, दुरुस्ती करताय की दुकानदारी?" असं प्रशांत हसत म्हणाला होता, पण ते हसणं नियाजच्या जिव्हारी लागलं.

मग एके दिवशी वायरीला मीटर लावलेला ठेवूनच त्यानं ती सीट सहज पुढे ओढली. पार पुढे, डॅशबोर्डला टेकेपर्यंत. आणि मीटरचा काटा पडला. सीट मागे ढकलली, काटा वर. वायरीचं वरचं आवरण शाबूत होतं, पण आतलं तांबं तुटलेलं. एरवी दोन टोकं एकमेकांना टेकून असायची. सीट पुढे गेली की वायर ताणायची आणि टोकं सुटायची.

सापडलं! नियाजला इतका आनंद झाला की त्यानं तिथल्या तिथे प्रशांतला फोन लावला. "तुमच्या गाडीत कुणीतरी डावी सीट पार पुढे ओढतंय. बुटकं माणूस बसत असणार. मोठ्या माणसाचे गुडघे मावणार नाहीत तिथे."

प्रशांत फोनवर म्हणाला, "आसारामची बायको बुटकी आहे."

नियाजला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस तो. दिवा का पेटतो ते कळलं, एवढ्यावरच खूश. वायर बदलायचंही राहून गेलं.

आता आसाराम त्याच्यासमोर बाकावर बसला होता. दिवा कशानं पेटतो ते त्यानं शोधलं होतं. कुणामुळे, ते नव्हतं शोधलं.

"आसाराम, माझ्याकडे बघून सांग. कडूबाईला कधी गाडीत बसवलंस?"

"लेकराची शप्पत, कंदीच न्हाई."

"मग कोण बसलं?"

"त्येच तर कुनाला ठावं न्हाई."

३

सुट्टीच्या दिवशी नियाज साळवेंच्या घरी गेला. गाडी अंगणात पत्र्याखाली उभी होती. प्रशांत आणि त्याची बायको सीमा, दोघंही घरी होती. सीमा बँकेत नोकरीला. सकाळी दोघं बाहेर पडली की संध्याकाळपर्यंत घरात एकटे साहेब.

"मलाही चांगलं वाटलं नाही, नियाजभाई," प्रशांत म्हणाला. "पण पेट्रोल उगाच कमी होत होतं. चाकांना तांबडी माती लागलेली. तुमची ती सीटची गोष्ट. आणि डाव्या दाराच्या कप्प्यात शेंगांची टरफलं! आमच्या घरात गाडीत बसून शेंगा कोण खातं?"

"गाडी दुसरं कुणी नेतं का? पाहुणे वगैरे?"

"माझा भाऊ समर्थ अकोल्याहून येतो कधीतरी," सीमा म्हणाली. "पण त्याची उंची बघितलीत ना तुम्ही? तो सीट मागे ढकलतो, पुढे नाही. आणि मला विचाराल तर माझी स्कूटर बरी. या गाडीत मी पुढे बसलेच नाही कधी."

"चाव्या किती?"

"दोन. एक माझ्या खिशात. दुसरी बाबांची, तीच मी आसारामला दिली होती," प्रशांत म्हणाला. साहेबांची चावी काढून घेतली त्याला वर्ष होत आलं होतं. साखरेनं त्यांचे डोळे नासले. वळणावरच्या दगडी खांबाला त्यांनी गाडी घासली, त्याच संध्याकाळी प्रशांतनं चावी मागून घेतली आणि आसारामला कामाला ठेवलं. "आसाराम रोज इथंच असायचा. फक्त बाजाराच्या दिवशी भाजी आणायला चालत पेठेत जायचा."

नियाजनं घरात डोकावलं. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी साहेबांच्या पत्नी भागिरथीबाईंचा फोटो. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. नियाजला पहिलीत त्यांनीच हात धरून अक्षरं शिकवली होती. बाई इतक्या लहानखुऱ्या की फळ्याच्या वरच्या ओळीसाठी त्यांना पाटावर उभं राहावं लागायचं. वर्गातली वांड पोरं पाट लपवून ठेवायची, त्यात नियाज पहिला. तरी बाई त्याला मारायच्या नाहीत. पाढा बरोबर म्हटला की शेंगा सोलून, वरची लाल सालं तळहातावर चोळून, फुंकर मारून पांढरेस्वच्छ दाणे त्याच्या हातावर ठेवायच्या.

व्हरांड्यात साळवेसाहेब खुर्चीत बसले होते. पावलं वाजली तशी त्यांनी मान वळवली.

"कोण? प्रशांत?"

"मी नियाज, साहेब. जयभीम."

"जयभीम, जयभीम. अरे, आसाराम गावाहून कधी येणार, काही कळलं का?"

नियाजनं सीमाकडे पाहिलं. तिनं मानेनंच 'गप्प' म्हटलं. बाहेर आल्यावर हळूच म्हणाली, "बाबांना काही सांगितलं नाही आम्ही. ना दिव्याचं, ना सीटचं, ना आसारामला काढल्याचं. आई गेल्यापासून मनाला किती लावून घेतात, तुम्हाला माहीत आहे."

नियाजनं गाडीला स्कॅनर लावून दिवा पुसला. मग प्रशांतला म्हणाला, "वायर मी आत्ता बदलत नाही. आहे तशी राहू दे. आता आसाराम इथं नाही. दिवा पेटला नाही, तर चोर तोच, मी स्वतः कान धरून त्याला तुमच्यापुढे उभा करीन. आणि पेटला, तर त्याची चावी त्याला परत द्यायची. कबूल?"

"कबूल," प्रशांत म्हणाला.

एका माणसाची अब्रू एका तुटक्या वायरीला टांगून नियाज दुकानात परतला. पुढचे दिवस त्याचं कामात लक्ष नव्हतं.

४

दिवा पेटला.

प्रशांतचा फोन आला तेव्हा नियाज चहा पीत होता. कप तसाच ठेवून तो धावला. गाडीत वाकून त्यानं तो तांबडा दिवा पाहिला आणि जन्मात पहिल्यांदा बिघाड बघून त्याला हायसं वाटलं.

"झालं? आता आसारामला बोलवा."

"बोलावतो ना. पोलिसांकरवी बोलावतो," प्रशांतचा चेहरा दगडासारखा झाला होता. "याचा अर्थ त्यानं तिसरी चावी करून घेतलीय, नियाजभाई. घर दिवसभर सामसूम असतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? म्हणजे आता तो माझ्या अंगणातून गाडी चोरून नेतो आणि परत आणून ठेवतो. मी तक्रार देणार. उद्याच."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं नियाजला वाटलं. आसाराम आगीतून फुफाट्यात पडला होता आणि ढकलणारा हात नियाजचाच होता.

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबा," तो अजिजीनं म्हणाला. "एवढं माझं ऐका."

प्रशांत आत गेला. नियाजनं गाडी पुन्हा बारकाईनं पाहिली. सीट आपल्या जागेवर, मागेच होती. रुळांवर मागे धुळीचा थर, पण पुढचा भाग घासून चकचकीत. डाव्या दाराच्या कप्प्यात कागदाच्या पुडीत टरफलं होती, ती प्रशांतनंही पाहिली होती. पण दोन सीटच्या मधल्या खळग्यात आणखी काहीतरी होतं, ते प्रशांतला दिसलं नव्हतं. नियाजनं दोन बोटांनी ते उचललं.

सोललेले शेंगदाणे. मूठभर. वरची लाल सालंही काढलेली, एक दाणासुद्धा खाल्लेला नाही.

एवढा खटाटोप करून सोललेले दाणे कुणी टाकून देतं का?

५

आसारामच्या घरी कडूबाई दाराशी तांदूळ निवडत बसली होती. नियाजला पाहून उठलीही नाही.

"या. आता आनिक काय सांगायचं ऱ्हायलंय त्या लोकांस्नी?"

"वहिनी, चुकलो मी. पण एक विचारतो, रागावू नका. त्या गाडीत तुम्ही कधी बसलात का?"

"मला गाडी लागती, दादा. बंद काचांच्या गाडीत बसले की आतडी वर येत्यात. माहेराला जायचं तर येष्टीत खिडकीशी बसते, न्हाईतर जीपच्या मागं. इचारा सगळ्या आळीला."

"आणि शेंगा?"

कडूबाईनं त्याच्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं आणि तोंड उघडून दाखवलं. पुढं दोन दात होते, मागं नावाला एक. "शेंगा खाऊ मी? कुटाचं लाडू असंल तर द्या आनून."

इतक्या दुःखातही नियाजला हसू आलं. कडूबाईलाही आलं, आणि मग एकदम तिचे डोळे भरले. "मानूस जेवत न्हाई वो घरात. भितीकडं तोंड करून पडतंय. चोर म्हनले ना त्येला."

परत येताना नियाज चालत आला. चालताना त्याचं डोकं बरं चालायचं.

समर्थ नाही, त्याचे पाय मावत नाहीत. सीमा नाही. कडूबाई नाही. आणि आसाराम असता तर? नियाज रस्त्यातच थांबला. त्या दिवशी बाकावर नियाजनंच आसारामला सगळं उलगडून सांगितलं होतं. सीट पुढे ओढली की दिवा पेटतो, हे त्याला ठाऊक होतं. ज्याला हे ठाऊक आहे तो सीटला पुन्हा हात लावेल? चोर मूर्ख असतो, पण इतका नाही. बरं, ज्याला ठाऊक नाही त्यालाही दिवा दिसला असताच की. सीट ओढून गाडी सुरू केली की भस्सकन डोळ्यांसमोर तांबडा प्रकाश. कुणीही बिचकेल, सीट मागे घेईल, गाडी बंद करील. हा माणूस मात्र दर वेळी दिवा पेटवून खुशाल निघून जात होता. जणू दिवा नव्हताच.

म्हणजे त्याला कुणी सांगितलेलंही नव्हतं, आणि त्याला दिवा दिसतही नव्हता.

पण चावी? गाडीला चाव्या दोनच. तिसरी आली कुठून?

नियाज रस्त्याकडेच्या दगडावर बसला. चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. साहेब फार विसरभोळे, चावी आत ठेवून दार लावून घ्यायचे. पट्टी घालून दार उघडायला दर वेळी नियाजला बोलावणं. शेवटी बाई वैतागून म्हणाल्या होत्या, "नियाज, मला एक चावी करून दे बाबा. मला चालवता येत नाही, पण या माणसाला घरी तर आणता येईल."

तिसरी चावी त्यानं स्वतःच करवून आणली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी तो साळवेंच्या घरी गेला. साहेब व्हरांड्यात होते. नियाज काही न बोलता त्यांच्याजवळ बसला आणि कागदात बांधून आणलेले दाणे त्यानं त्यांच्या तळहातावर ठेवले.

साहेबांनी ते बोटांनी चाचपले. बराच वेळ चाचपत राहिले.

"हे तिच्या वाटचे आहेत," ते म्हणाले.

नियाजनं मान खाली घातली. त्याला सगळं बरोबर सापडलं होतं आणि त्याचा आनंद तसूभरही होत नव्हता.

"कुठे जाता साहेब?"

"लांब नाही. कापूरवाडीच्या तलावापर्यंत. बाई पुणतांब्याची, गोदावरीकाठी वाढलेली. लग्न होऊन नगरला आली तेव्हा म्हणाली, तुमच्या गावात सगळं आहे, फक्त पाणी नाही. मग दर बाजाराच्या दिवशी शेंगा घ्यायच्या आणि तलावावर जायचं. ती शेजारी बसून सोलायची, मी चालवता चालवता खायचो. माझं सगळं आयुष्य आयत्या दाण्यांवर गेलं रे. आता मी सोलतो."

"आणि सीट?"

साहेब जरा हसले. "मला भ्रम झालाय असं समजू नकोस. ती गेली, मला माहीत आहे. तिच्या अंगावर शेवटची चादर मीच घातली. पण ती होती तेव्हा सीट कायम पुढे असायची. पाय पुरायचे नाहीत तिचे. ती गेल्यावर प्रशांतनं सीट मागे ढकलली, आणि तिथं कुणी कधी बसतच नव्हतं असं दिसायला लागलं. पुढे ओढली की ती जागा तिची होते. घरी आलो की होती तशी करून ठेवतो. पोराला दिसलं तर वाईट वाटेल."

तेव्हाच ती वायर दुखावली असणार, नियाजच्या मनात आलं. वर्षानुवर्षं एका जागी असलेली सीट जोरानं मागे ढकलली, वायर कुठल्यातरी पट्टीत चेमटली, आणि पुढे-मागे ओढून ओढून शेवटी आतलं तांबं तुटलं. बाई गेल्या आणि गाडीचं दुखणं सुरू झालं.

"साहेब, गाडीत तांबडा दिवा पेटतो. तुमच्या समोरच. तुम्हाला दिसला नाही कधी?"

"कुठला दिवा?"

साहेबांचे डोळे त्याच्याकडे वळले होते, पण त्याच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला लागले होते.

त्या क्षणी त्याच्या मनात एक पाप येऊन गेलं. वायर बदलायला असा किती वेळ लागतो? वायर बदलली की दिवा पेटणार नाही, कुणाला काही कळणार नाही, आणि म्हाताऱ्याचा तलाव म्हाताऱ्याला राहील. पाटावर उभ्या राहणाऱ्या बाईंसाठी एवढं करायला काय हरकत होती? पण तिकडे भिंतीकडे तोंड करून एक माणूस पडला होता. आणि इकडे रस्ता होता, माणसांनी भरलेला.

"आसाराम गावाला गेलेला नाही, साहेब," तो म्हणाला. आणि त्यानं सगळं सांगितलं. दिवा, वायर, टरफलं, कडूबाई, संध्याकाळी व्हायची ती पोलीस तक्रार.

साहेब ऐकत होते. हातातले दाणे त्यांच्या मांडीवर सांडले.

"आसारामला चोर म्हटलं? माझ्यापायी?"

"कुणाला ठाऊक नव्हतं, साहेब."

"तो दिवा स्टिअरिंगच्या मागेच असतो ना?"

"हो."

"म्हणजे वीतभर अंतरावर." साहेब स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले. "आणि मी परत यायचो तेव्हा शाळा सुटलेली असायची, नियाज. रस्त्यावर पोरांचा गलका ऐकू यायचा. मला वाटायचं, दिसतायत सगळी."

नियाजनं त्यांच्या मांडीवरचे दाणे वेचून परत कागदात घेतले.

साहेब भिंत धरत आत गेले. आले तेव्हा त्यांच्या हातात बाईंची चावी होती. कडीला बाईंची शाळेतली पितळी शिट्टी अडकवलेली. साहेब नखानं कडी उघडायला बघत होते, पण ती त्यांना दिसत नव्हती.

"चावी घेऊन जा," ते म्हणाले. "शिट्टी मात्र काढून दे मला."

नियाजनं कडी उघडली आणि शिट्टी त्यांच्या हातात दिली. साहेबांनी ती मुठीत घट्ट धरली आणि ते लहान पोरासारखे रडले. नियाजही रडला. वर्गात पाट लपवला तेव्हापासूनचं बरंच काही त्यात होतं.

"तक्रार द्यायला कुणी जाणार नाही," थोड्या वेळानं साहेब म्हणाले. "प्रशांतला मीच सांगतो. तू सांगू नकोस."

७

त्या संध्याकाळी बापलेकांत काय बोलणं झालं ते नियाजला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी प्रशांत दुकानात आला. डोळे सुजलेले.

"सीट मी मागे ढकलली, नियाजभाई," तो म्हणाला. "आई गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी. हॉस्पिटलची बिलं मिटवायला जायचं होतं, माझे पाय अडकत होते. बाबा तिथेच उभे होते. काही बोलले नाहीत. मलाही काही सुचलं नाही."

"सीट काय, कुणीही मागे करतं," नियाज म्हणाला. एरवी एखादा टोमणा त्याला सहज सुचला असता.

आसारामची माफी मागायला साहेब स्वतः गेले, सीमाच्या स्कूटरवर मागे बसून. सगळ्या आळीसमोर त्यांनी कडूबाईला हात जोडले. "असं नगा करू साहेब, आमाला पाप लागंल," म्हणत ती आत पळाली आणि चहा टाकून आली. नियाजनं वायर बदलली, दिवा पुसला आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी गाडी दुकानापुढे येऊन उभी राहिली. स्टिअरिंगवर आसाराम. साहेब मागच्या सीटवर, हातात शेंगांची पुडी, गळ्यात दोऱ्यात ओवलेली शिट्टी.

"तलावावर जातोय," साहेब म्हणाले. "आसाराम म्हणतो, बाजाराचा दिवस चुकवायचा नाही."

"जा, जा. आणि आसाराम, भाजीची पिशवी विसरू नको, नाहीतर सीमाताई पुन्हा चावी काढून घेतील," नियाज म्हणाला.

आसाराम हसला. गाडी सुरू करणार तोच त्याला काहीतरी आठवलं. तो उतरला, वळसा घालून डाव्या बाजूला आला आणि पुढचं दार उघडून त्यानं सीटखालची दांडी वर उचलली. सीट रुळावरून सरकत गेली, पार पुढे, डॅशबोर्डला टेकेपर्यंत.

आवाज ऐकून साहेबांनी विचारलं, "काय करतोयस रे?"

"बाईंचं पाय पुरत न्हाईत, साहेब," आसाराम म्हणाला आणि दार हळूच लावून घेतलं.

साहेबांनी पुडी उघडली आणि शेंगा सोलायला घेतल्या. नियाजनं सवयीनं खिडकीतून वाकून डॅशबोर्डकडे पाहिलं. दिवा पेटला नव्हता.